घरवाली अळी आणि आमचं गुऱ्हाळ

२४ नोव्हेंबर, वाई

नदीत उतरवलं! पहिल्याच दिवशी, चहासुद्धा व्हायच्या आधी!

मला वाटलं होतं प्रशिक्षण म्हणजे नेहमीचंच — पंख्याखाली खुर्ची, पडद्यावर चित्रं, दुपारी डुलकी. म्हणून तर मी चांगली इरकल नेसून आले. हेडसर म्हणाले होते, "अंजनाबाई, तुम्हीच जा. तुम्हाला मोकळं वातावरण आवडतं." मला कधी आवडलं मोकळं वातावरण? त्यांना दुसरं कुणी मिळालं नाही, एवढंच.

मुलांना ओढ्यावर, नदीवर नेऊन कसं शिकवायचं ते आम्हाला शिकवणार म्हणे. शिकवणारा तौसीफ, सांगलीचा. तिशीसुद्धा नसेल. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि हातात चहाच्या गाळणीची आजी शोभावी एवढी जाळी. म्हणाला, "मॅडम, काठावरून बघून नदी कळत नाही. दगड उलटा करा."

"पाय घसरला तर?"

"मग बसा. बसूनही दगड उलटा करता येतो."

वाईच्या वरच्या अंगाला, पाणी खळाळतं तिथं, सातारा-सांगलीतले आम्ही सगळे गुरुजी आणि बाया — एरवी 'पाण्याजवळ जायचं नाही!' म्हणून पोरांवर ओरडणारे — ओळीनं कृष्णेत उभे. धुणं धुणाऱ्या बायकांनी हात थांबवले. एक दुसरीला म्हणाली, "काय हरवलंय गं ह्यांचं?"

एक मात्र खरं. दगड उलटा केला आणि खाली सगळं हलत होतं. इतकी वर्षं पोरांकडून 'नदी ही जीवनदायिनी' असं निबंधात लिहून घेतलं. आत कोण राहतं ते कधी बघितलंच नव्हतं.

इरकल खिडकीत वाळत घातलीय. वाळेल असं वाटत नाही.

२५ नोव्हेंबर, वाई

आज साडी चालण्याजोगी. शहाणपण आलं.

दगडाखाली एक अळी असते. वाळूचे कण चिकटवून चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधते आणि ते घर घेऊनच फिरते. तौसीफ तिचं शास्त्रीय नाव सांगत होता. पण धुळा सरांनी तेवढ्यात बारसं उरकून टाकलं — "घरवाली!" मग दिवसभर सगळे तेच म्हणत होते. "सर, इथं घरवाली सापडली." "मॅडम, तुमच्याकडं किती घरवाल्या?" शेवटी तौसीफसुद्धा तेच म्हणायला लागला.

धुळा सर वडूजकडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, हे पहिले मास्तर. हसताना आवाज होत नाही, फक्त पोट हलतं. पहिल्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद — "आवं सर, ह्ये सगळं बरं हाय. पन आमच्याकडं नदी म्हंजी वाळू. पोरांना न्हिऊन काय दावू?"

तौसीफ म्हणतो, "वाळू दाखवा."

"वाळू ती रोजच बघत्यात."

"तुम्ही नदी रोज बघत होताच की, मॅडमसारखी."

मला कशाला मध्ये ओढलं!

तर घरवाली आणि तीन शेपट्यांची चपटी अळी, या दोघी चांगल्या पाण्यातच राहतात. त्या भेटल्या की पाणी ठीक. सोपं आहे. अवघड आहे ते दुसरंच. आपण उत्तर सांगायचं नाही. फक्त विचारायचं — काय दिसतंय? का असेल? आणि गप्प बसायचं. दुपारी आमच्यातल्याच काहींना विद्यार्थी केलं आणि मला बाई. मी बाईच आहे, मला काय अवघड! दगड उचलला आणि भडाभडा सगळं सांगून मोकळी झाले. तौसीफ म्हणाला, "मॅडम, मुलांना बोलायला काय शिल्लक ठेवलंत?"

सगळे हसले. मीही हसले. पण लागलं थोडं. तेवीस वर्षं झाली शिकवतेय.

२७ नोव्हेंबर

घरी आले. हे अंगणात वाटच बघत होते — माझी नाही, चेष्टेची.

"काय मास्तरीणबाई, किडं मोजून झालं का?"

"झालं. तुमच्याही दगडाखाली बघणार आहे."

"माझ्या दगडाखाली गूळ हाय. गोड निघंल."

आमचे नानासो म्हणजे असे. हंगाम चालू झाला की चेहराच उजळतो माणसाचा. ऊस, चरक, चुलवाणाचा जाळ, त्यावर रस आटवायची मोठी काईल. पहाटेपासून रात्रीपर्यंत गुऱ्हाळावर. घरी येतात ते अंगाला गुळाचा वास घेऊन. अर्जुना, आमचा गुळव्या, दर हंगामात बायकोपोरांसह येऊन गुऱ्हाळावरच राहतो. रस कधी उतरायचा ते त्याला बुडबुड्यावरून कळतं आणि ह्यांना अर्जुनाच्या तोंडावरून. दोघांचं दिवसभर भांडण आणि संध्याकाळी एकाच ताटलीत काकवी-भाकरी.

ह्यांना मी घरवालीचं नाव सांगितलं. मोठी चूक! आता मला हाकही तशीच मारतात — "अळे, चहा दे."

९ डिसेंबर, सांगली

प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा. इरकल घरी ठेवून, रबरी चप्पल घालून, एकदम तयारीत आले. आणि तौसीफ म्हणतो, "इथं पाण्यात उतरायचं नाही."

"का?"

"मगरी आहेत."

धुळा सरांच्या मागं सगळेच दोन पावलं सरकले. मग त्याचंच शिकवणं झालं — जिथं उतरता येत नाही तिथं काठावरून काय काय बघता येतं. मुलांच्या पुढं एक मोठं माणूस, मागं एक. पाण्याकडं पाठ करायची नाही. फोटोसाठी तर नाहीच नाही. पुलाखालच्या घाटावर बसून आम्ही पाण्याचा रंग बघितला, पक्षी बघितले, कुठला नाला कुठून येऊन मिळतो ते कागदावर काढलं. बाजूनं हळदीच्या पोत्यांचा टेम्पो गेला की सगळ्यांना शिंका.

धुळा सर म्हणाले, "आज लय बरं वाटलं. आमच्या नदीत मगर न्हाई, बुडायची भीती न्हाई. समद्यात सुरक्षित नदी माझीच!"

तौसीफच्या घरी सगळ्यांना चहा. त्याची आई, नूरजहांचाची, म्हणाल्या, "हा लहानपणी बेडकं खिशात घालून आणायचा. मला वाटायचं मोठा झाल्यावर सुधारेल." तौसीफचे कान लाल. प्रशिक्षणातला सगळ्यात चांगला भाग तोच.

आता प्रत्येकानं आपापल्या गावात मुलांना घेऊन जायचं. फेब्रुवारीत परत भेटायचं आणि काय झालं ते सांगायचं.

२० डिसेंबर

हेडसरांना विचारलं, ओढ्यावर जायला कोणता वार ठरवू? म्हणाले, "जानेवारीत बघू." म्हणजे मीच बघायचं.

४ जानेवारी

रविवार. एकटीच ओढ्यावर जाऊन आले. लग्न होऊन आले तेव्हा इथं धुणं धुवायचे मी. नंतर नळ आले, मशीन आलं, ओढा राहिला तो राहिलाच.

ओढा डोंगराकडून येतो. आधी भैरोबाचं देऊळ आणि छोटा बंधारा. मग आमचं गुऱ्हाळ. मग एक वळण, आणि शाळेच्या मागचा उतार. तिथून खाली कृष्णेला. मुलांना दोन जागा दाखवायच्या ठरवल्या. एक देवळाजवळ, एक शाळेच्या मागं. दोन्हीकडं पायवाट आहे, पाणी घोट्याएवढं. पालकांचे होकार घेतले. राणीच्या आजीनं विचारलं, "पोरगी किड्यांना हात लावनार? लगीन जमंल का पुढं?"

हे म्हणाले, "गुऱ्हाळावर बी आन पोरांना. रस पाजतो." म्हटलं, आधी अभ्यास.

१७ जानेवारी

काय लिहू. सुरुवात फार छान झाली म्हणून आधी तेच लिहिते.

शनिवारची सकाळची शाळा. सहावी-सातवीची पोरं, पुढं सातवीतल्या समीक्षाचे वडील, मागं मी, काठावर कानटोपी घालून हेडसर. देवळाजवळ पहिलाच दगड उलटा केला आणि राणी किंचाळली — "बाई, ही घर घिऊन पळाली!" घरवाली! मी नाव सांगितलं नव्हतं, काहीच सांगितलं नव्हतं. अर्धा तास गप्प बसले! तौसीफला फोन करून सांगावंसं वाटलं. तीन शेपट्यांच्या सापडल्या, गोगलगायी, खेकड्याचं पिल्लू, चतुराचं पिल्लू. समीक्षा एकेकाचं चित्र काढत होती. वर्गात कधी हात वर न करणारी पोरं ओरडत होती, "बाई हिकडं, बाई हिकडं!" हेडसरसुद्धा कानटोपी काढून वाकून बघायला लागले.

मग शाळेच्या मागं आलो. तेच पाणी, तसेच दगड.

"काय दिसतंय?"

"काय न्हाई."

"नीट बघा."

समीक्षा म्हणाली, "बाई, नीट बघूनच काय न्हाई."

खरंच नव्हतं. दहा-बारा दगड उलटे केले. एक अळी नाही, एक गोगलगाय नाही. दगड पुसून ठेवल्यासारखे. मी शिकवल्याप्रमाणे विचारलं, "का नसेल?"

राणीनं समीक्षाकडं बघितलं. समीक्षानं वर बघितलं. झाडांवरून आमच्या चुलवाणाचा धूर दिसत होता.

"बाई, सांगू का नको?"

"सांग की."

"वर तुमचं गुऱ्हाळ हाय न्हवं. काईल धुत्यात त्ये पानी हितं येतंय."

तिचे वडील — आमच्याच गुऱ्हाळाला ऊस घालतात ते — एकदम चपला शोधायला लागले. चपला पायातच होत्या. हेडसरांनी कानटोपी परत घातली. मी गप्प बसले. या वेळी ते मला प्रशिक्षणातून आलेलं नव्हतं.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "काय सापडलं का अळे, आज?"

"खाली काहीच सापडलं नाही," म्हणाले. खोटं नव्हतं ते.

१८ जानेवारी

अर्जुनानं सांगितलं ह्यांना. त्याला त्याच्या पोरीनं सांगितलं, ती सहावीतच आहे. म्हणजे माझ्या वर्गात काय घडलं ते माझ्या घराला गुऱ्हाळावरून कळलं.

हे चहा पिताना म्हणाले, "गुळाचं पानी हाय त्ये. गोड पान्यानं कुनी मरतंय व्हय?" मी म्हटलं, "साखरेनं माणसं मरतात, अळ्यांचं काय घेऊन बसलात." हसतील असं वाटलं होतं.

२२ जानेवारी

हेडसर फार खुशीत आहेत. त्यांच्या डोक्यात आलंय की सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत पोरांनी 'आमचा ओढा' सांगायचा. तालुक्याचे साहेब येणार आहेत म्हणे. मी म्हटलं, सर, गुऱ्हाळाचं येणार त्यात. म्हणाले, "ते जरा... हळू आवाजात."

२६ जानेवारी

सकाळी समीक्षा कागद घेऊन आली. "बाई, त्ये गुऱ्हाळाचं वाचू का गाळू?"

केवढंसं पोर. आदल्या दिवसापासून तिच्या घरात काय बोलणं झालं असेल ते मला तिच्या तोंडावर दिसत होतं. गाळ म्हटलं असतं तर तिनं गाळलं असतं. आणि पुन्हा कधी मला खरं सांगितलं नसतं.

म्हटलं, "जे दिसलं ते वाच."

तिनं वाचलं. अजिबात हळू आवाजात नाही. देवळाजवळ काय काय सापडलं त्याला टाळ्या पडल्या, घरवालीला हशा पडला. आणि मग — "गुऱ्हाळाच्या खाली शाळेमागं आम्हाला एकही जीव सापडला नाही." मागून कुणीतरी ओरडलं, "नानासो, तुमच्या घरातनंच फितुरी की वो!" मग जो हशा पिकला तो पहिल्यापेक्षा मोठा.

हे उठले. पांढरा शर्ट घातला होता आज, माझ्या पोरांचं कौतुक बघायला. म्हणाले, "पोरींनी बघितलं त्ये सांगितलं. पानी माझंच जातंय वड्यात. आजपास्नं न्हाई जानार." आणि खाली बसले. तालुक्याच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

येताना हे पुढं चालत होते. एरवी बरोबर चालतात. घरी आल्यावर म्हणाले, "सभेत वाचनार हायती त्ये आधी मला सांगायचं. मी काय पोरीला गाळ म्हनलो असतो?"

नसते म्हणाले. हे मला माहीत होतं. तरी सांगितलं नाही.

२९ जानेवारी

गुऱ्हाळ बंद ठेवून खड्डा खणतायत. काईल धुतलेलं पाणी आणि रसावरून काढलेली मळी त्यात साठवायची, ओढ्यात थेंब जाऊ द्यायचा नाही. स्वतः कुदळ घेऊन उभे. अर्जुना म्हणतो, "मालक, एवढा मोठा कशाला? मासं पाळायचं का?" हे म्हणाले, "बाईंच्या अळ्या ठिवायच्या हायती."

चेष्टा केली! माझ्यावर! बरं वाटलं. दोन भाकऱ्या जास्त दिल्या डब्यात.

२ फेब्रुवारी

खड्ड्याला सिमेंट केलंय. ते पक्कं व्हायला वेळ लागणार. पण तोडलेला ऊस थांबत नाही. समीक्षाच्या वडिलांनी आपला ऊस कारखान्याला दिला. वाईट वाटलं म्हणून स्वतः येऊन सांगितलं त्यांनी, दारातच उभं राहून. त्यांचं बघून आणखी दोघांनी. हे सगळ्यांना म्हणतात, "बरूबर हाय, वाळवून काय करनार?"

५ फेब्रुवारी

अर्जुनाला शिराळ्याकडच्या गुऱ्हाळाचं बोलावणं आलं. इथं ऊसच नाही तर तो तरी काय करणार? ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाड भरलं, पोरीचा शाळेचा दाखला मीच करून दिला. ह्यांनी त्याला शेवटची ढेप दिली, बाकीचा गूळ आधीच सांगलीच्या बाजारात पाठवला होता. अर्जुना निघताना ह्यांच्या पाया पडायला वाकला तर हे ओरडले, "आरं फुडल्या साली यायचंच हाय न्हवं! सरळ हो!"

तो सरळ झाला आणि ट्रॅक्टरमध्ये चढला. पुढच्या साली तिथलेच लोक त्याला धरून ठेवतील. हे दोघांनाही ठाऊक आहे.

खड्डा पक्का झाला आजच. त्यात सोडायला पाणी नाही.

८ फेब्रुवारी

हे मला चिडवत नाहीत. 'अंजना' म्हणून हाक मारतात. लय वाईट.

१२ फेब्रुवारी, सांगली

सगळे परत भेटलो. धुळा सरांनी बाजी मारली! पोरांना येरळेच्या कोरड्या पात्रात नेलं. वाळूत पक्ष्यांचे पाय, लांडग्याचा एक माग, रिकामे शिंपले. मग पोरांनी हातानं वाळू उकरली आणि खाली ओल लागली, आणखी उकरलं तर पाणी. धुळा सर उभे राहून सांगत होते — "सर, आमची नदी हाय! वर न्हाई, खाली हाय! आमच्या म्हाताऱ्याला म्हाईत हुतं, तिथंच मेंढरांना पाजायचा. मला मास्तर झाल्यावर इसर पडला हुता." पोट हलत नव्हतं. डोळे पुसत होते.

मग माझी पाळी. मी सगळं सांगितलं, ग्रामसभेचं, खड्ड्याचंसुद्धा. अर्जुनाचं नाही सांगितलं. सगळ्यांत जास्त टाळ्या मलाच. कुणीतरी म्हणालं, "असे परिणाम दिसले पाहिजेत!"

चहाला तौसीफ जवळ आला. "मॅडम, एक विचारू? खाली तांबड्या अळ्या होत्या का?"

"काहीच नव्हतं म्हटलं ना."

"गुळाचं, मळीचं पाणी आलं की घरवाली जाते, खरंय. पण तांबड्या अळ्या वाढतात. त्यांना ते खाद्य असतं. सगळंच साफ होत नाही. सगळंच जातं म्हणजे..." त्यानं बिस्किट बशीत ठेवलं. "तुमच्या दोन जागांच्या मध्ये गुऱ्हाळाशिवाय आणखी काय आहे?"

"काही नाही."

"बघितलंत?"

इतका राग आला! आता विचारतोय! अर्धा चहा तसाच ठेवून उठले. बसमध्ये इस्लामपूर येईपर्यंत त्याला मनातल्या मनात बोलत होते. त्यानंतर त्याला बोलणं थांबलं.

नव्हतं बघितलं. पायवाट जिथं होती तिथंच उतरले होते मी.

१७ फेब्रुवारी

समीक्षा, राणी आणि आणखी चार जणांना घेऊन शाळा सुटल्यावर गेले. हेडसरांना सांगितलं, राहिलेली चित्रं पूर्ण करायची आहेत. या वेळी गुऱ्हाळाच्या अगदी खालून सुरुवात केली, जिथं काईल धुतलेलं पाणी पडायचं तिथून.

राणीनं पहिला दगड उचलला. "बाई, हितं तर हायती की!"

तांबड्या अळ्या वळवळत होत्या. घरवाली नव्हती, तीन शेपट्यांची नव्हती. पण गोगलगायी होत्या, चांगल्या थोराड. मी हातात घेऊन बघत बसले. पाणी बंद होऊन तीन आठवडे झालेत. एवढी गोगलगाय तीन आठवड्यांत होत नाही. म्हणजे गूळ शिजत होता तेव्हाही या इथंच होत्या, त्याच पाण्यात. ह्यांच्या पाण्यानं ओढा घाण होत होता, हे खरंच. पण मरत नव्हता.

समीक्षा माझ्याकडं बघत होती. "बाई, मग मी ग्रामसभेत खोटं बोल्ले?"

"नाही गं. तू बघितलंस तेच बोललीस. बघायच्या जागा मी ठरवल्या होत्या."

एकेक दगड करत खाली निघालो. वळणाच्या अलीकडं अंधारायला लागलं. पालकांना शब्द दिलाय, अंधारात थांबायचं नाही. परत फिरलो. शनिवारी जायचं.

ह्यांना काही बोलले नाही अजून. आधी खात्री. खात्री न करता एकदा सगळं होऊन बसलंय.

२१ फेब्रुवारी

वळणापर्यंत गोगलगायी होत्या. वळणावर घाणेरीच्या जाळीत पाइप सापडला. त्याच्या पुढं एक जीव नाही.

पाइप आमच्या शाळेचा. नव्या संडासांचा. आम्ही उभे असतानाच त्यातून पांढरा फेस आला आणि डोळे चुरचुरले — वर आमच्या शाळेच्या सफाईवाल्या शालूबाई अॅसिडनं फरशा धूत होत्या. दर शनिवारी धुतात, कडक, आम्हीच सांगितल्याप्रमाणे. पोरं पाइपकडं बघत होती. मग माझ्याकडं.

आत्ता घरी आलेय. हे चुलीपुढं बसलेत, चहा करतायत. दुकानातून आणलेला गूळ आहे, कागदातला. बत्त्यानं फोडतायत. एक खडा तोंडात टाकला, जरा वेळ तसाच धरला आणि म्हणाले, "बरा हाय की."

सांगायला उठतेय.